बाहेर या

गेल्या जानेवारीतली एक संध्याकाळ अजून माझ्या मनातून जात नाही. आई चिपळूणहून आमच्याकडे जपानात सेंदाईला येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. खिडकीबाहेर बर्फाची भुरभुर थांबून निळसर काळोख पसरला होता. मी ओट्याशी वरणाला फोडणी देत होते आणि आई देव्हाऱ्यासमोर निरांजन लावून नऊ वर्षांच्या माझ्या लेकीला हात जोडायला सांगत होती. तेवढ्यात सरकत्या काचांच्या दारांनी बारीक थरथर सुरू केली. कपाटातल्या ताटल्या एकमेकींना लागून किणकिणल्या. मला नीट उमगण्याआधी आई उठून उभी राहिली होती. तिने नातीचा हात धरला आणि ती दाराकडे धावली. मग माझा फोन तो ओळखीचा कर्कश आवाज काढून ओरडला, आणि पाठोपाठ जमिनीने खरा झोका घेतला. लेकीने आजीच्या हातातून आपला हात सोडवून घेतला, जेवणाच्या टेबलाखाली शिरली, एक उशी डोक्यावर ओढली आणि टेबलाचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली. मी गॅस सोडून देव्हाऱ्याकडे गेले आणि, जे आयुष्यात कधी केले नव्हते ते केले, निरांजन फुंकर मारून विझवले. मग मीही टेबलाखाली शिरले. बाहेरून, गाड्या उभ्या करायच्या त्या मोकळ्या जागेतून, आईचा आवाज येत होता.

"बाहेर या! अगं, बाहेर या!"

आम्ही गेलो नाही. पाऊण मिनिट असेल, फार तर एक मिनिट. घर जहाजासारखे कुरकुरत डोलले आणि हळूहळू स्थिर झाले. फोनवर अक्षरे उमटली की आमच्या भागात हादऱ्याची तीव्रता जपानी मोजपट्टीवर चार होती आणि या भूकंपामुळे त्सुनामीची चिंता नाही. इथे राहणाऱ्या माणसाच्या कानात आणि डोळ्यांत हे वाक्य इतके मुरलेले असते की ते वाचल्यावरच छातीतला श्वास खाली उतरतो. मग मी दार उघडले. आई बर्फात अनवाणी उभी होती. तिने उजवा हात किंचित पुढे धरून ठेवला होता, जणू त्या हातात अजून कोणाचा तरी हात आहे. आमच्या आठ बिऱ्हाडांच्या इमारतीतून दुसरे कोणीही बाहेर आलेले नव्हते. सगळ्या खिडक्यांत दिवे होते, सगळे आपापल्या घरात होते, आणि त्या पांढऱ्या चौकोनात ती एकटी होती. मी तिच्या चपला घेऊन गेले आणि खाली बसून तिच्या पायांत घातल्या. तिची पावले लाल झाली होती. ती मला काही बोलली नाही. घरात आल्यावर तिची नजर आधी नातीकडे आणि मग देव्हाऱ्याकडे गेली. वातीच्या टोकातून अजून धुराची एक रेघ वर जात होती.

"तू विझवलास?" एवढेच तिने विचारले.

आईचा जन्म हेळवाकचा. कोयनेचे पाणी तिच्या लहानपणी भरले आणि पाण्यापाठोपाठ धक्के आले. त्या खोऱ्यातल्या माणसांना शिवसागराचे आणि जमिनीच्या थरथरण्याचे नाते शास्त्रज्ञांच्या आधीपासून जाणवत असावे, कारण आजी म्हणायची की पाणी चढले की जमीन कण्हते. 1962 पासून जलाशय भरू लागला, किरकोळ धक्के सुरू झाले, लोकांना त्यांची सवय होऊ लागली, आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी ती सवय मोडली. 6.3 तीव्रतेचा तो भूकंप. सुमारे पावणेदोनशे माणसे गेली, कोयनानगर कोसळले, धरणाच्या भिंतीलाही भेगा पडल्या. आई तेव्हा सात वर्षांची होती. घर दगडमातीचे, वर कौले, मध्ये जाड आढे. आजीने कडेवर मामाला घेतले आणि आईला सांगितले की माझा पदर सोडू नकोस. आईने पदर सोडला नाही. उंबरठ्याला ठेच लागून तिच्या अंगठ्याचे नख निघाले, तरी सोडला नाही. अंगणात पोचल्यावर आजीने मागे वळून सासूला हाक मारली. पणजी माजघरात निजत असे. ती म्हणाली, "येते, येते," आणि त्यानंतर माजघराची भिंत आत पडली.

ही गोष्ट आईने मला आयुष्यात एकदाच सांगितली आहे. "पणजी वारली" किंवा "पणजी गेली" असे ती कधी म्हणत नाही. ती म्हणते, "पणजी आत राहिली." त्यानंतर ते सगळे कुटुंब महिनोन्महिने अंगणात मांडव घालून झोपले. घर पुन्हा उभे राहिल्यावरही आजी उशाशी तांब्या ठेवी आणि त्याच्यावर पितळी फुलपात्र पालथे घाली, असे की जरा हलले तरी ते खाली पडून वाजावे. लग्न होऊन आई चिपळूणला आली तरी धक्के तिच्यामागे येतच राहिले, कारण सह्याद्रीच्या या अंगालाही कोयनेचा हादरा पोचतो. माझ्या बालपणात रात्री भांडी वाजली की आम्हा दोघी बहिणींना अर्धवट झोपेत उचलून अंगणात उभे केले जाई, आणि तिथे आधीच शेजारपाजारची मंडळी शाली पांघरून उभी असत. कोणी म्हणे, "लहान होता," कोणी म्हणे, "मागच्यापेक्षा लांबला." पंधरा-वीस मिनिटांनी कोणीतरी चहाचे नाव काढी. माझ्या लेखी भूकंप म्हणजे मध्यरात्री अंगणात भेटणारी माणसे, आणि पायाखालची थंड, किंचित ओली माती.

सेंदाईला आले तेव्हा मला पहिली गोष्ट विसरावी लागली ती हीच. इथला पहिला धक्का बसला त्या रात्री मी तडक दाराकडे पळाले होते आणि नवऱ्याच्या एका जपानी सहकाऱ्याने दुसऱ्या दिवशी फार सौम्यपणे समजावले होते की पळू नका. 1978 च्या जूनमध्ये आमच्या मियागी प्रांताच्या किनाऱ्याजवळ 7.4 तीव्रतेचा भूकंप झाला, त्यात 28 माणसे गेली, आणि त्यांतली बरीचशी घराबाहेर गेली, रस्त्याकडेच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या आणि दगडांच्या कुंपणभिंती अंगावर पडून. त्या भूकंपानंतर देशाने बांधकामाचे नियम बदलले, आणि 1981 नंतरची घरे अशी बांधली जातात की ती डोलतील, तडकतील, पण आतल्या माणसाच्या अंगावर बसणार नाहीत. बाहेर मात्र काचा पडतात, कौले पडतात, विजेच्या तारा लोंबतात. म्हणून इथल्या मुलांना बालवाडीपासून टेबलाखाली शिरायला शिकवतात. सायरन वाजला की डोके आत, टेबलाचे पाय धरा, हलणे थांबेपर्यंत थांबा. मग रांगेत बाहेर, ढकलायचे नाही, पळायचे नाही, बोलायचे नाही, आणि परत फिरायचे नाही. या चार सूचनांची आद्याक्षरे जोडून केलेला ओ-हा-शि-मो हा शब्द माझी लेक पाढ्यासारखा म्हणते. तिच्या अंगात तो इतका भिनला आहे की त्या संध्याकाळी तिने आजीचा हात सोडवला तेव्हा तिला वाटलेही नसेल की ती काही सोडते आहे.

आई आणि लेक, दोघीही बरोबर होत्या. मला त्रास झाला तो याच गोष्टीचा. कोणा एकीची चूक असती तर मी त्या रात्री तिला समजावून झोपू शकले असते. पण हेळवाकच्या घरात जी टेबलाखाली शिरली असती ती आत राहिली असती, आणि सेंदाईच्या घरातून जी अंधारात काचांच्या दारांपाशी धावते ती जखमी होऊ शकते. किल्लारीचा विचार केला की हे अधिकच टोचते. 30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट, आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन करून लोक थकून झोपलेले, आणि 3 वाजून 56 मिनिटांनी हजारो माणसे आपापल्या घरांच्या दोन-दोन हात रुंद भिंतींखाली गेली. तीव्रता होती 6.2 च्या आसपास. 2022 च्या मार्चमध्ये आमच्या शेजारच्या फुकुशिमाच्या किनाऱ्याजवळ 7.4 चा भूकंप झाला. भूकंपाच्या मोजपट्टीवर एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पटींनी वाढते, म्हणजे तो किल्लारीच्या साठपट तरी मोठा असेल, आणि त्यात गेलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. जमीन दोन्हीकडे हलली. माणसे मेली ती भिंतींनी, आणि भिंती कशाच्या असाव्यात हे त्या भिंतींत झोपणाऱ्यांच्या हातात फार थोडे होते. हे लिहिताना आजही मला राग येतो.

2022 ची ती रात्र मला चांगली आठवते. साडेअकरानंतर एक धक्का बसला, आम्ही उठून बसलो, दिवा लावला, आणि दोन मिनिटांनी दुसरा आला, तो मोठा. पहिल्या धक्क्याने माणूस उठते आणि नेमके उभे असतानाच दुसरा येतो, हे त्या रात्री मी शिकले. लेक तेव्हा लहान होती. तिला पोटाशी धरून मी जमिनीवर बसले आणि कपाटाकडे बघत राहिले, कारण त्या कपाटाला छताशी अडकवणारे दोन खांब मी स्वतः आवळले होते आणि ते टिकतात का याची ती पहिली परीक्षा होती. खांब टिकले. कपाटातल्या काचेच्या बरण्या मात्र एकेक करून दाराला येऊन धडकत होत्या. त्या रात्री शिरोइशीजवळ शिंकान्सेनचे, म्हणजे इथल्या बुलेट ट्रेनचे, डबे रुळांवरून घसरले. आमचा गॅस आपोआप बंद झाला होता. इथल्या मीटरमध्येच अशी सोय असते की हादरा मोठा असला की तो गॅस तोडतो. नंतर बाहेर जाऊन, टोपण काढून, बटण दाबायचे, लाल दिवा लुकलुकू लागला की तीन मिनिटे थांबायचे, आणि गळती नसेल तर तो दिवा आपसूक विझतो. रात्री एक वाजता टॉर्च दाताखाली धरून मी त्या लाल दिव्याकडे बघत बसले होते. तीन मिनिटे एवढी मोठी असतात हे त्याआधी ठाऊक नव्हते.

त्या मीटरमुळे इथलेही एक शहाणपण जुने झाले आहे. आमच्या खालच्या गल्लीत राहणाऱ्या, नव्वदीला टेकलेल्या आजींना लहानपणी शिकवले होते की भूकंप आला की आधी विस्तव विझवा. 1 सप्टेंबर 1923 ला तोक्योत दुपारच्या जेवणाच्या वेळी, 11 वाजून 58 मिनिटांनी भूकंप झाला, घरोघरी चुली पेटलेल्या होत्या, आणि लाखाच्या वर माणसे गेली ती बहुतांशी आगीत. त्या पिढीच्या हाडांत ते बसले. आता मुलांना सांगतात की हलत असताना विस्तवाजवळ जाऊ नका, भाजाल. गॅस स्वतःच बंद होईल. त्या आजी मला एकदा म्हणाल्या होत्या की तरीही माझा हात आधी चुलीकडेच जातो. मी निरांजन का विझवले, याचे उत्तर मला त्यांच्या या वाक्यात सापडले. आमचे घर लाकडी आहे. देव्हाऱ्याच्या खाली मी चिकट रबरी चकत्या लावल्या आहेत, देव जागचे हलत नाहीत, पण उघड्या ज्योतीला कोणतीही चकती धरून ठेवत नाही. आईला मात्र हे सांगताना माझी जीभ जड झाली. आमच्याकडे दिवा "विझवला" असा शब्दही उच्चारत नाहीत. दिव्याला निरोप देतात, तो शांत करतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने स्वतःहून विषय काढला. तिला विचारायचे होते की तो फोन आधीच कसा ओरडतो. मी तिला कागदावर काढून दाखवले की भूकंपातून दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिली लहर सेकंदाला सहा-सात किलोमीटर धावते आणि फारसे नुकसान करीत नाही, दुसरी तिच्या जवळजवळ निम्म्या वेगाने येते आणि तीच घरे हलवते. किनाऱ्याजवळची यंत्रे पहिली लहर पकडतात आणि दुसरी पोचण्याआधी सगळ्यांना कळवतात. 2007 पासून सामान्य माणसालाही हा इशारा मिळतो. कधी दहा-वीस सेकंद हाताशी असतात, कधी दोनच, आणि भूकंप अगदी जवळ असला तर इशारा मागाहून येतो. आईने ते सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे पहिली लाट मला कळते." मी चमकून तिच्याकडे पाहिले. खरेच होते ते. काचांची ती बारीक थरथर म्हणजे पहिली लहर, आणि फोन ओरडण्याआधी आई उभी राहिलेली होती. पालथ्या फुलपात्राखाली वाढलेल्या मुलीच्या अंगात एक यंत्र साठ वर्षे जागे होते.

मग एका रविवारी आम्ही तिला समुद्राकडे नेले. तिला समुद्र बघायचा होता आणि मला तिला काहीतरी दाखवायचे होते. सेंदाईच्या किनाऱ्यावर अराहामा नावाची वस्ती होती. आता तिथे घरांची जोती आहेत, गवत आहे, आणि किनाऱ्यापासून सातशे मीटरवर एक चार मजली प्राथमिक शाळा आहे, जी जशी होती तशी राखून ठेवली आहे. 11 मार्च 2011 ला दुपारी 2 वाजून 46 मिनिटांनी 9.0 तीव्रतेचा भूकंप झाला. त्या भूकंपात इथून जवळचे ओशिका द्वीपकल्प पाच मीटरहून अधिक पूर्वेला सरकले आणि मीटरभर खचले. नकाशावरची जमीन जागची हलली. ती शाळा उभी राहिली. मुले, शिक्षक आणि गावकरी मिळून 320 माणसे वरच्या मजल्यांवर आणि गच्चीवर गेली. साधारण तासाभराने समुद्र आला आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत चढला. ती सगळी माणसे वाचली. आईने खालच्या मजल्यावरच्या वाकलेल्या लोखंडी कठड्यावरून हात फिरवला. पहिलीच्या वर्गाचे छत उचकटलेले होते. ती बराच वेळ त्या वर्गासमोर उभी राहिली आणि तिने विचारले, "इथे बाहेर पळाले असते तर?"

मी तिला उत्तर दिले नाही, कारण मला ओकावाची शाळा आठवत होती. इशिनोमाकीजवळ किताकामी नदीच्या काठी ती शाळा होती. भूकंप झाला, मुले शिकवल्याप्रमाणे टेबलाखाली शिरली, मग रांगेने मैदानात आली, आणि मैदानात जवळजवळ पन्नास मिनिटे थांबली. मागे डोंगर होता. कुठे जायचे हे ठरेना. शेवटी निघाली तेव्हा पाणी आले. 108 मुलांपैकी 74 गेली, आणि दहा शिक्षक गेले. भूकंपापुरते शिकवलेले सगळे त्यांनी बरोबर केले होते. त्या दिवशी या साऱ्या किनाऱ्यावर जवळजवळ सोळा हजार माणसांचे मृत्यू नोंदले गेले, अडीच हजारांहून अधिक अजून बेपत्ता आहेत, आणि त्यांतली बहुतेक सगळी बुडून गेली. घरांनी त्यांना सांभाळले होते. म्हणून इथे आत की बाहेर हा प्रश्न अर्धाच असतो. आत थांबायचे ते हलणे थांबेपर्यंत. आणि किनारा असेल तर त्यानंतर क्षणभरही न थांबता वर जायचे, उंचावर.

परतीच्या वाटेवर गाडीत मी तिला उत्तरेकडच्या सानरिकू किनाऱ्यावरचा एक शब्द सांगितला. तेंदेन्को. त्सुनामी आली की ज्याने त्याने स्वतंत्र पळावे, आईने मुलासाठी थांबू नये, मुलाने आईसाठी मागे फिरू नये. त्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबेच्या कुटुंबे एकमेकांना शोधताना बुडाली, त्यातून हा शब्द आला. मी हे सांगत असताना लेक मागे झोपली होती. आईने तिच्याकडे वळून पाहिले.

"आईनंसुद्धा?" तिने विचारले.

"आईनंसुद्धा. पण त्याचा अर्थ सोडून जाणं असा नाही, आई. आधी घरात बसून ठरवायचं असतं. तू वर जाशील हे मला ठाऊक आहे, मी जाईन हे तुला ठाऊक आहे, म्हणून कोणी कोणाला शोधायला मागं फिरायचं नाही."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. वाटेत नामिवाके नावाचे एक लहानसे लाकडी देऊळ लागते, तिथे आम्ही थांबलो. नामिवाके म्हणजे लाटा दुभंगणारा. समुद्रापासून पाच किलोमीटरहून आत, घरांच्या दाटीत ते आहे, आणि 1611 च्या मोठ्या त्सुनामीची आठवण त्याच्याशी जोडलेली आहे. 2011 चे पाणी त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच थांबले. इतक्या आत लाटांचे देऊळ कशाला, असे कैक वर्षे येणाऱ्याजाणाऱ्याला वाटत असेल. आईने चपला काढून हात जोडले. देव कोणता हे तिने विचारले नाही. मग चपला पायांत सरकवताना माझा दंड धरून ती म्हणाली, "आपल्या सासूबाईंना हाक मारायला आई वळली नसती, तर तिला सारा जन्म वाटत राहिलं असतं की आपण हाक मारली नाही. वळली, हाक मारली, तरी त्या आत राहिल्या. तुझा तो शब्द आईला कोणी सांगितला असता, तर बरं झालं असतं." एवढे बोलून ती गाडीत जाऊन बसली. इतकी वर्षे मला वाटत होते की त्या पहाटेची भीती आईच्या वाट्याला आली होती. आजीच्या वाट्याला काय आले होते, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

आई मार्चमध्ये परत गेली. जाताना तिने रबरी चकत्यांची दोन पाकिटे मागून घेतली. इथे उशाशी चपला ठेवायची पद्धत आहे, अंधारात फुटलेल्या काचांवर पाय पडू नये म्हणून. ती तिने राहिलेल्या सर्व दिवसांत मनोभावे पाळली. ती गेल्यावरही तिच्या खोलीत चपलांची बोटे दाराकडे वळवलेली असावीत असे वाटून मी दोनदा डोकावले. त्यानंतरचे धक्के नेहमीसारखेच येत राहिले, आठवड्याला एखादा जाणवेल एवढा, आणि मी दर वेळी टेबलाखाली बसून कान बाहेर लावू लागले. बाहेरून हाक येत नाही हे माहीत असतानाही.

मे महिन्यात लेकीला घेऊन मी चिपळूणला गेले. घर जांभ्या दगडाचे, वर मंगलोरी कौले, पुढे पडवी आणि अंगण. तिन्हीसांजा झाल्या, आईने निरांजन लावले, आणि मी पाहिले की देव्हाऱ्याच्या चारही पायांखाली त्या पारदर्शक चकत्या बसल्या आहेत. जेवणे जमिनीवर पाट मांडून झाली. रात्री माजघरात गाद्या घातल्या तेव्हा लेक उशीवर डोके टेकता टेकता पुन्हा उठून बसली आणि चारी भिंतींकडे बघत तिने विचारले, "आजी, इथे टेबल कुठे आहे?"

या घरात टेबल नाही. आईने माझ्याकडे पाहिले, मी काही बोलले नाही. मग तिने खोलीतला दिवा मालवला आणि अंधारात नातीचा हात धरला. "इथं आपण बाहेर जायचं," ती म्हणाली, "तुझ्या घरी टेबलाखाली, आजीच्या घरी अंगणात. चल, तुला वाट दाखवते. पावलं मोज." लेक मोठ्याने मोजू लागली, आधी मराठीत आणि पाचाच्या पुढे जपानीत. गादीपासून माजघराचा उंबरा सात. तिथे चपला ठेवलेल्या होत्या, तिच्या लहान, आजीच्या झिजलेल्या, आणि माझ्या. त्या घातल्या. पडवी ओलांडायला पाच. दोन पायऱ्या. मी मागून चालत होते आणि उंबऱ्याला ठेच लागू नये म्हणून लहानपणी उचलायचे तसा पाय उचलत होते. अंगणात पोचल्यावर आई तुळशीपाशी थांबली, कौलांपासून पुरेशी लांब, आणि तिने मागे वळून पाहिले. हवा उकडत होती, कुठेतरी फणस पिकल्याचा दाट वास येत होता, आणि जमीन अगदी स्वस्थ होती. आईच्या हातात लेकीचा हात होता. आतून, उघड्या दारातून, देव्हाऱ्यातली ज्योत दिसत होती.

आम्ही तिघी तशाच थोडा वेळ बाहेर उभ्या राहिलो.